व्हायटल झाला, आता पुढचा सॉफ्ट सिंथ कोणता?

हलगीबेस
नमस्कार मंडळी. काम रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि सिंथ (आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) म्हणून फक्त व्हायटलची फुकट आवृत्ती. लॅपटॉप आय-५, रॅम ८ जीबी, एसएसडीवर ६० जीबी मोकळी, दोन इनपुटचं साधं ऑडिओ कार्ड. हलगी-लेझमीच्या ठेक्यावर टेक्नो करायचा असतो, शिवाय संथ, पॅडवालं (मागे पसरलेले लांब सूर) काहीबाही. तेच गाणं मिरवणुकीच्या डीजेवरही वाजतं आणि हेडफोनवरही ऐकलं जातं.

अडचणी तीन. बेस हेडफोनवर भरदार वाटतो, मोठ्या सेटअपवर पोकळ पडतो. पॅड सगळे थंड आणि चकचकीत लागतात, ऊब नाही. आणि सनईच्या जवळपास जाणारा लीड (पुढे वाजणारा मुख्य सूर) काही केल्या जमत नाही.

बजेट १० हजार, ओढूनताणून १२. यादीत सीरम २, पिगमेंट्स, दिवा, फेज प्लांट आणि मॅसिव्ह एक्स आहेत. एकच घ्यायचा तर कोणता? क्रॅक (कुलूप तोडलेली चोरीची आवृत्ती) सुचवू नये.

कडकभाकरी
सीरम २. धागा बंद करा.

सातरस्ता_४४१००
धागा उघडला पण नाही अजून, बंद काय करतो बे.

@हलगीबेस, सीरम आणि व्हायटल मुळात एकाच जातीचे. सीरम २०१४चा, व्हायटल २०२०चा. दोन्हीत वेव्हटेबल (साठवलेल्या लहरींच्या मालिकेतून आवाज), दोन्हीत ओढून-सोडून मॉड्युलेशन (नॉब आपोआप हलवणं), दोन्हीत एका ऑसिलेटरला (मूळ आवाज काढणारा भाग) १६ पर्यंत युनिसन, म्हणजे त्याच आवाजाच्या एकत्र वाजणाऱ्या प्रती. व्हायटलच्या फुकट आवृत्तीतही इंजिन पूर्ण आहे. २५ डॉलरच्या प्लस आणि ८० डॉलरच्या प्रो आवृत्तीत प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल वाढतात, मूळ आवाज तोच राहतो. त्यामुळे जुना सीरम घेऊन हातात नवं फारसं काही आलं नसतं.

सीरम २ची गोष्ट थोडी निराळी. तो मार्च २०२५मध्ये आला. त्यात ग्रॅन्युलर (रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करून वाजवणारा), स्पेक्ट्रल आणि मल्टिसॅम्पल ऑसिलेटर आहेत, तिसरा ऑसिलेटर आहे, आर्पेजिएटर आणि क्लिप सिक्वेन्सर आहे. ज्यांच्याकडे पहिला होता त्यांना हा फुकट मिळाला, म्हणून सगळीकडे त्याचाच गजर चालू आहे. तुम्हाला तो पूर्ण पैसे मोजून घ्यावा लागेल आणि बजेटच्या बाहेर जाईल.

मॅसिव्ह एक्सबद्दल एवढंच, की त्याला एव्हीएक्स (प्रोसेसरमधली गणिताची एक सोय) असलेला प्रोसेसर लागतो. तुमच्या आय-५ला असेल, पण जुन्या पेंटियम-सेलेरॉनवाल्यांनी आधी तपासावं, नाहीतर चालूच होणार नाही.

लूमवाला
यादी राहू द्या बाजूला. पहिली अडचण सिंथची नाहीच.

हेडफोनवर भरदार आणि सेटअपवर पोकळ म्हटलं की ९० टक्के वेळा मोनोची भानगड असते. मिरवणुकीच्या सेटअपमध्ये सब (फक्त खालचा बेस वाजवणारे स्पीकर) बहुतेक मोनो चालतात, डावं-उजवं एकत्र करून क्रॉसओव्हरच्या (वरचे-खालचे सूर वाटून देणारा भाग) खालचं सबला जातं. तुमच्या पॅचमध्ये (सिंथवर बनवलेला आवाज) युनिसनचे आवाज डाव्या-उजव्या बाजूला पसरलेले असणार. हेडफोनवर डाव्या कानाला एक, उजव्या कानाला दुसरा, म्हणून रुंद आणि मोठं वाटतं. दोन्ही एका तारेत आले की एकमेकांना खातात.

आकड्यात बघा. ५० हर्ट्झचा स्वर आणि त्याच्या वर २० सेंटवर (१०० सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) दुसरा, म्हणजे ५०.५८ हर्ट्झ. फरक ०.५८ हर्ट्झ. दोन्ही सारख्या ताकदीचे असतील तर साधारण दर १.७ सेकंदाला एकमेकांना शून्यावर आणतात. बेसचा स्वर वाजतोय, वाजतोय आणि मधेच गेला. तोच २० सेंटचा फरक ४०० हर्ट्झवर सेकंदाला साडेचार वेळा येतो, तिथे तो कानाला गोड थरथर म्हणून लागतो. म्हणून लीडला डिट्यून (असा सूर जरासा सरकवणं) शोभतं आणि सबला मारतं. हे सीरममध्येही होणार, दिवामध्येही होणार. १२ हजार घालवून पोकळ बेस तसाच.

पॅच काय आहे तेवढं लिहा. युनिसन किती, स्प्रेड किती, शेवटी कोणते इफेक्ट?

हलगीबेस
युनिसन ७, स्टिरिओ स्प्रेड पूर्ण, शेवटी कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) आणि रिव्हर्ब (घुमारा). एकच ऑसिलेटर, सॉ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर.

लूमवाला
बेसला कोरस आणि वर रिव्हर्ब! मग सब बिचारा काय करणार.

असं करा. व्हायटलमध्ये पहिला ऑसिलेटर सबसाठी ठेवा. साइन किंवा ट्रँगल, युनिसन १, फेजचा रँडम शून्यावर, म्हणजे प्रत्येक स्वर एकाच जागेवरून सुरू होईल आणि ठोका दर वेळी सारखा बसेल. त्याचं आउटपुट ‘डायरेक्ट आउट’ला द्या, म्हणजे तो फिल्टर आणि इफेक्ट दोन्ही टाळून सरळ बाहेर पडेल. दुसऱ्या ऑसिलेटरवर तुमचा सॉ, युनिसन ७, हवा तेवढा रुंद, पण तो फिल्टरमधून न्या आणि १२०च्या खालचं हाय-पासने काढून टाका. कोरस-रिव्हर्ब फक्त याच्यावर.

मास्टरवर मोनोचं बटन दाबून ऐका. बटन दाबल्यावर बेस जागचा हलला नाही तर झालं.

दुसरं, सूर बघा. सब साधारण ४०च्या खाली दम सोडतात. गाणं सा = सी पट्टीत असेल आणि बेस सर्वांत खालच्या सी वर, म्हणजे ३२.७ हर्ट्झवर असेल, तर तो ऐकू येण्यापेक्षा अँप तापवण्याचंच काम जास्त करतो. एफ ४३.६५, जी ४९, ए ५५. मिरवणुकीसाठीचं गाणं एफ ते ए या पट्टीत ठेवलं की निम्मा प्रश्न सुटतो.

गड्ड्यावरचा
सगळे डीजे एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर आहेत आणि तुम्ही रीपर धरून बसलाय. एफएल घ्या, सिंथ आतच येतात, आयुष्यभर अपडेट फुकट. सायट्रस, हार्मर, सगळं.

सातरस्ता_४४१००
@गड्ड्यावरचा, अपडेट आयुष्यभर फुकट हे खरं. पण कोणत्या आवृत्तीत कोणता सिंथ येतो ते आधी वाचा, स्वस्तातल्या आवृत्तीत सगळं मिळत नाही. शिवाय सिंथ हवा म्हणून अख्खं सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे हाताला बसलेले सगळे शॉर्टकट गेले.

एफएल आणि रीपरमध्ये फायली इकडून तिकडे करणाऱ्यांसाठी: एफएलमध्ये मधला सी म्हणजे सी ५, रीपरमध्ये सी ४, एबलटन या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी ३. कोणी ‘बेस सी २वर ठेव’ म्हणालं की कुठल्या सॉफ्टवेअरचा सी २ ते विचारा. मिडी नंबर (कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीचा ठरलेला आकडा) सांगितला तर भांडण मिटतं, मधला सी सगळीकडे ६०च.

मोगरा_होटगीरोड
लूमवाला यांच्याशी बेसबाबत पूर्ण सहमत. पॅडबद्दल लिहिते.

थंड-चकचकीत वाटण्यामागे तीन कारणं दिसतात. एक, वेव्हटेबलच्या पॅडमध्ये वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर) भरपूर असतात आणि आपण ते कापत नाही. दोन, सगळे स्वर अगदी अचूक सुरात आणि एकाच चालीत, कुठेच हलणं नाही. तीन, बऱ्याच प्रीसेटच्या शेवटी मल्टिबँड कॉम्प्रेसर बसलेला असतो, तो बारीकसारीक सगळं पुढे ओढतो. तो आधी बंद करून बघा, अर्धा चकचकाट तिथेच जातो.

ऊब मुख्यतः फिल्टरमधून येते. दिवा (२०११, यू-हे कंपनीचा) त्यासाठीच नावाजलेला आहे. झीरो डिले फीडबॅक पद्धतीचे फिल्टर, जुन्या मिनीमूग, ज्युपिटर, जुनो, एमएस-२० यांच्या धर्तीवरचे भाग, आणि ते एकमेकांत मिसळताही येतात. रेझोनन्स (कापण्याच्या जागेवरचा उठाव) वाढवून कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) फिरवला की फरक लगेच कळतो. पॅड हीच मुख्य गरज असेल तर माझं मत दिवाला.

सातरस्ता_४४१००
मोगराताई, आवाजाबद्दल वाद नाही. पण ८ जीबीचा आय-५ लॅपटॉप आणि दिवा? ‘डिव्हाइन’ या सर्वांत वरच्या दर्जाच्या मोडवर चार स्वरांचा पॅड आणि लांब रिलीज, म्हणजे मागचे स्वर अजून विरले नाहीत तोवर पुढचे चार. आठ आवाजांतच मीटर लाल होईल.

मोगरा_होटगीरोड
डिव्हाइनवर वाजवायचं कशाला? वाजवताना ‘ड्राफ्ट’ किंवा ‘फास्ट’, मल्टिकोरचं बटन चालू, आणि रेंडरच्या वेळी वरचा दर्जा लावायचा, तशी सोय आहे. पॅड पक्का झाला की ट्रॅक फ्रीझ, म्हणजे सिंथ बंद करून त्याचा आवाज फाइल म्हणून ठेवायचा. रीपरमध्ये ट्रॅकवर उजवी क्लिक, फ्रीझ टू स्टिरिओ. एका वेळी एकच दिवा जिवंत ठेवायचा.

कडकभाकरी
मे महिन्यात सोलापुरात एक दिवा पण जास्तच आहे ताई.

पंखा_फुल्ल
हसू नका, मुद्दा खरा आहे. खोलीत चाळीसच्या आसपास असताना लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांनी स्वतःचा वेग खाली आणतो. सुरुवातीला नीट चालणारा प्रोजेक्ट मग कडकड करायला लागतो आणि माणूस सिंथला शिव्या देतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून दोन बोटं उचललेला हवा. चार्जर लावलेला हवा, बॅटरीवर वेग आणखी कमी. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’.

रीपरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-पी दाबा, परफॉर्मन्स मीटर उघडतो. कोणता ट्रॅक किती खातो ते ओळीने दिसतं. आणि एक गंमत: रेकॉर्डसाठी आर्म करून मॉनिटरिंग चालू असलेल्या ट्रॅकला रीपर आधीच गणित करून ठेवू शकत नाही. त्यामुळे तोच सिंथ नुसता वाजवताना बरा आणि आर्म केल्यावर कडकडतो. काम झालं की आर्म काढा.

बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) वाजवताना २५६ सॅम्पल ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला ५.८ मिलिसेकंद होतात, हाताला चालतं. मिक्सला बसलात की ५१२ किंवा १०२४. आणि कार्डाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशिराशिवाय पोहोचवणारा) असेल तर तोच निवडा.

युनिसनचा हिशोबही लिहून ठेवा: ३ ऑसिलेटर × १६ युनिसन × ४ स्वर म्हणजे १९२ ऑसिलेटर एका वेळी. वर रिलीजची शेपटी. चार युनिसनवर तोच पॅड कानाला जवळजवळ तसाच लागतो.

अनामिक_पेठ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
क्रॅकची लिंक उडवली आहे. धागाकर्त्याने पहिल्याच लेखात नको म्हटलंय. क्रॅकबरोबर व्हायरस येतो ते सोडाच, विंडोजचं अपडेट आलं की प्लगइन उघडत नाही आणि मंडळाला द्यायचं गाणं आदल्या रात्री अडकतं. फुकटचे कायदेशीर सिंथ भरपूर आहेत, त्यांच्यावर लिहा.

काचेचा_आवाज
त्यावरच लिहितो. सर्ज एक्सटी कोणीच कसा काढला नाही? ओपन सोर्स, पैसा नाही. मूळ सिंथ विकाऊ होता, २०१८मध्ये कोड खुला झाला आणि २०२२च्या सुरुवातीला एक्सटी आला. दोन सीन, प्रत्येकात तीन ऑसिलेटर, दोन हजारांहून जास्त प्रीसेट. चेहरा थोडा सरकारी फॉर्मसारखा आहे, पण आत माल आहे. लॅडर, डायोड लॅडर, के-३५, ओबी-एक्सडीचे फिल्टर, सगळे मोगराताई म्हणतात त्या ऊबेच्या घरातले.

पॅडसाठी: क्लासिक ऑसिलेटर, सॉ, युनिसन ३, डिट्यून ८ ते १० सेंट. दुसरा ऑसिलेटर एक सप्तक खाली, आवाज अर्धा. फिल्टर ओबी-एक्सडी २४ डीबी, कटऑफ ७०० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स अगदी थोडा. फिल्टर एन्व्हलपचा (वेळेनुसार चढ-उतार) अ‍ॅटॅक, म्हणजे चढायचा वेळ, दीड सेकंद, आवाजाचा ०.८, रिलीज अडीच. ऑसिलेटर ड्रिफ्टची पट्टी पाव भागापर्यंत ओढा, स्वर जरा-जरा हलायला लागतात. शेवटी एन्सेम्बल इफेक्ट, आणि खालचं १५०पर्यंत कापून टाका, नाहीतर बेसच्या अंगावर बसेल. थंडपणा गेला की नाही ते सांगा.

घंटा, धातू, काच असले आवाज हवे असतील तर डेक्स्ड. १९८३च्या यामाहा डीएक्स७ची फुकट नक्कल, सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम. जुन्या सिसेक्स फायली (डीएक्स७चे आवाज साठवलेल्या) थेट घेतो. ३२ आवाजांच्या बँकेची फाइल बरोबर ४१०४ बाइटची असते. त्याहून वेगळी दिसली तर ती बहुधा एकाच आवाजाची तरी असते किंवा बिघडलेली.

मोगरा_होटगीरोड
@काचेचा_आवाज, सर्जबद्दल मान्य, फुकटात एवढं कोणी देत नाही. यू-हेचाच टायरेल एन६ पण फुकट आहे, जुनोच्या वळणाचा आणि सीपीयूला हलका. तरी रेझोनन्स वर नेऊन कटऑफ हळू फिरवताना दिवा वेगळाच लागतो. तिथे मी मागे हटणार नाही.

सूरपेटी
सनईवर कोणीच बोललं नाही, म्हणून.

सनईला दोन पत्त्यांची जिभली आणि नळी निमुळती, शंकूच्या आकाराची. अशा नळीत सम-विषम सगळे हार्मोनिक येतात. क्लॅरिनेटची नळी सरळ, तिच्यात मुख्यतः विषम. म्हणून स्क्वेअर वेव्हवर सनई कधीच जमणार नाही, ती क्लॅरिनेटकडेच जाते. पल्स घ्या, रुंदी १० ते १५ टक्के. आवाज लगेच पातळ आणि नाकातला होतो, तोच हवाय.

पुढे १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन उंचवटे द्या, इक्यूने दिले तरी चालतील. ते उंचवटे स्वराबरोबर हलू देऊ नका, म्हणजे कीट्रॅकिंग शून्य. नळी एकच आहे, स्वर बदलला म्हणून ती बदलत नाही. इथेच बहुतेकांची सनई खेळण्यातली पिपाणी होते.

खरी सनई मात्र हालचालीत आहे. मोनो (एका वेळी एकच स्वर), लेगाटो, ग्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) ६० ते ९० मिलिसेकंद, आणि ग्लाइड फक्त स्वर जोडून वाजवला तरच, तुटक वाजवला तर नको. सर्जमध्ये यासाठी ‘मोनो एफपी’ मोड आहे. स्वराच्या सुरुवातीला पिच एन्व्हलप अर्ध्या स्वराने खालून, ४०-५० मिलिसेकंदांत वर. आंदोलनाचा एलएफओ (सूर हळू हलवणारी लहर) सेकंदाला ५ ते साडेपाच, पण तो ३०० मिलिसेकंदांनी हळूहळू आत यावा. पहिल्या क्षणापासून थरथरला की कीबोर्ड उघडा पडतो. पिच बेंड २ ऐवजी ४ स्वरांवर ठेवा, मींड काढता येते. फुंकेसाठी थोडा नॉइज, फक्त अ‍ॅटॅकला.

हे सगळं व्हायटलमध्ये होतं. सिंथ विकत घ्यायची गरज नाही.

हलगीबेस
@सूरपेटी, दंडवत. मग सुरांचं काय? तानपुऱ्याच्या सॅम्पलवर लीडचा गंधार टोचतो.

सूरपेटी
टोचणारच. कीबोर्डचा शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर, तानपुऱ्यात ऐकू येणारा ५/४चा गंधार ३८६.३ वर. जवळजवळ १४ सेंटचा फरक. सर्जमध्ये स्काला फाइल (सुरांची जागा लिहिलेली ट्यूनिंग फाइल) घालता येते, व्हायटलच्या मेनूतही ट्यूनिंग फाइल उघडायची सोय आहे. साध्या टेक्स्ट फायली असतात, नोटपॅडमध्ये स्वतः लिहिता येतात, प्रत्येक ओळीवर एक गुणोत्तर. पण मूळ स्वर कोणता ते नीट सांगा, नाहीतर सी ऐवजी डी सा धरल्यावर सगळंच बेसूर. आणि पॅडलाही तीच फाइल लावा. एकाला लावून दुसऱ्याला विसरलात तर आधीपेक्षा वाईट.

कडकभाकरी
हलगी कोणत्या सुरात लावायची ते पण सांगा, म्हणजे मंडळाच्या पोरांना शेकोटीवर धरताना ट्यूनर देता येईल.

सूरपेटी
चेष्टा करताय, पण उत्तर आहे. ताणलेल्या कातड्याचे आंशिक स्वर १, १.५९, २.१४, २.३० अशा तिरप्या प्रमाणात असतात, म्हणून हलगीला तबल्यासारखा ठाम सूर नाही. सिंथने करायची तर एफएमचं (एका ऑसिलेटरने दुसऱ्याचा सूर हलवण्याची पद्धत) गुणोत्तर १.५९ ठेवा, डीके, म्हणजे आवाज विरायचा वेळ, १०० मिलिसेकंदांच्या आसपास, पिच पहिल्या ३० मिलिसेकंदांत तीन-चार स्वर खाली. काडीच्या टोल्यासाठी ५ ते १० मिलिसेकंदांचा नॉइज, ३ किलोहर्ट्झच्या वरचाच. जाड टिपरू आणि बारीक काडी यांचे दोन वेगळे पॅच करा, एकाच पॅचचा आवाज कमी-जास्त करून ते होत नाही.

लूमवाला
धागा भरकटलाच आहे तर आणखी थोडा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचा जो खडखडाट आहे तो टेक्नोसाठी आयता आहे. साध्या धोट्याच्या मागाचा ठोका मिनिटाला शंभराच्या पुढेच असतो. मालकाची परवानगी घ्या, मोबाइल मागाजवळ नेऊ नका, माइक फाटतो. शेडच्या दारातून घ्या. आपोआप आवाज कमी-जास्त करणारं सेटिंग बंद, फाइल वेव्ह, पीक उणे १२ च्या आत.

ग्रॅन्युलरमध्ये टाकल्यावर ग्रेन (एक तुकडा) ४० ते ८० मिलिसेकंद ठेवला तर धोट्याचा ‘खट’ ओळखू येतो. २० वर आणला की सेकंदाला ५० तुकडे होतात आणि स्वतःचाच ५० हर्ट्झचा घुमारा तयार होतो. तो सूर म्हणून वापरा, फक्त सबच्या सुराशी भांडत नाही ना बघा.

सातरस्ता_४४१००
आता हे काम व्हायटलला जमत नाही, आणि इथे विकत घेण्याला अर्थ येतो. व्हायटलचा सॅम्पलर फाइल नुसती वाजवतो किंवा लूप करतो. ऑडिओपासून वेव्हटेबल करता येतं, पण त्यात ठोक्याचा जीव जातो. पिगमेंट्समध्ये ग्रॅन्युलर आहे, शिवाय वेव्हटेबल, अ‍ॅनालॉग, अ‍ॅडिटिव्ह, आणि दोन इंजिन एकावर एक. फेज प्लांटमध्येही ग्रॅन्युलर जनरेटर आहे, पण तो रिकामा फळा देतो, जोडणी स्वतः करा. ज्याला जुळवाजुळवीची हौस आहे त्याने तो घ्यावा.

हलगीबेस यांनी पिगमेंट्स घ्यावा. पूर्ण किमतीला नाही, वर्षातून अनेकदा निम्म्यावर येतो. नोव्हेंबरात तर हमखास.

गड्ड्यावरचा
ऑम्निस्फिअर सिंथ राहिला की!

पंखा_फुल्ल
त्याची लायब्ररी ६४ जीबीच्या वर. त्यांच्याकडे मोकळी ६०. पुढचा प्रश्न?

पावती_दाखवा
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी. परदेशी दुकानात कार्ड चाललं नाही की लोक दुकानाला दोष देतात. मार्च २०२०पासून नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच चालू करायचे आणि मर्यादाही घालायची. खरेदी झाली की परत बंद करा.

९९ डॉलर दिसले म्हणून ९९ धरू नका. काही दुकानं १८ टक्के जीएसटी लावतात, ११६.८२ झाले. वर बँकेचा परकीय चलनाचा आकार, साडेतीन टक्के धरा, १२० च्या पुढे गेलं. त्याला डॉलरचा भाव लावा.

दर महिन्याला हप्ता देऊन सिंथ घ्यायची योजना कागदावर छान. ऑक्टोबर २०२१पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झालेत, परदेशी दुकानाचा हप्ता अधूनमधून अडकतो आणि प्लगइन कुलूपबंद होतो. एकरकमी घेणं बरं.

हलगीबेस
सगळ्यांचे आभार. लूमवाला म्हणाले तसा सब वेगळा केला, कोरस काढला. मोनोचं बटन दाबलं तरी बेस जागेवर. गाणं सी वरून जी वर नेलं. सर्जचा पॅडही केला, ड्रिफ्टने खरंच फरक पडतो. सनईला कीट्रॅकिंग शून्य केल्यावर पिपाणी थोडी मोठी झाली, अजून सराव हवा.

म्हणजे राहिलं फक्त ग्रॅन्युलर. पिगमेंट्स आणि फेज प्लांटचा डेमो लावून बघतो. मोगराताई, दिवाचा डेमोही लावतो, पण रात्री, हवा गार झाल्यावर.

मोगरा_होटगीरोड
लावा. यू-हेच्या डेमोत मधूनच खरखर येते, ती तुमच्या कार्डाची नव्हे, घाबरू नका.

तुलना करताना प्रीसेट ऐकू नका, प्रीसेट म्हणजे विक्रेत्याची खिडकी. तिन्हीवर इनिट पॅच (कोरा, काही न केलेला), एकच सॉ, एकच मिडी क्लिप, २४ डीबीचा लो-पास (वरचं कापणारा फिल्टर), कटऑफ आठ मात्रांत वरून खाली. मग रेझोनन्स तीन चतुर्थांश ठेवून पुन्हा तेच. तिन्ही रेंडर करून आवाजाची पातळी सारखी करा. एक डीबी मोठा असला तरी तोच चांगला वाटतो.

काचेचा_आवाज
त्यात अलियासिंगची (डिजिटल आवाजात घुसणारे खोटे सूर) चाचणी पण टाका. २ किलोहर्ट्झच्या वरचा स्वर धरा, सॉ, आणि पिच बेंड हळू वर न्या. स्वर वर जाताना मागून काहीतरी खाली उतरताना ऐकू आलं तर तो २२.०५ किलोहर्ट्झला आपटून परतलेला हार्मोनिक. ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाचं गणित जास्त बारकाईने करणं) दुप्पट करून परत ऐका आणि त्याच वेळी परफॉर्मन्स मीटरवर नजर ठेवा, फरकाची किंमत तिथेच दिसते.

सातरस्ता_४४१००
आणि बऱ्याच डेमोत सेव्ह होत नाही, काहींत थोड्या वेळाने आवाजच बंद होतो. मागाची फाइल आधीच कापून तयार ठेवा, दहा-वीस सेकंदांचे तीन तुकडे पुरे. पॅच जमला की लगेच रेंडर करा आणि नॉब दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या. निम्म्या किमतीचा सेल लागला की इथेच टाकतो.

कडकभाकरी
मी अजूनही सीरम २ वरच आहे.